पिवळी शाई संपली आहे

सोमवार, ४ तारीख

मानवजातीवर झालेल्या अन्यायांची यादी कोणी केलीच, तर माझं प्रकरण पहिल्या पाचांत लागावं. नव्या घरात आलो, खोकी फोडली, प्रिंटर लावला, काळापांढरा फोटो छापायला घेतला, तर यंत्र म्हणे: पिवळी शाई संपली आहे. काळ्यापांढऱ्यात पिवळ्याचं काय अडलंय? ज्याला कोणी विचारलं नाही अशा मेव्हण्यानं अख्ख्या घराचा व्यवहार अडवावा, तसं. दुकानदार म्हणाला, आठ दिवस धीर धरा.

बाकी घर झकास. वरची खोली, भरपूर उजेड. खाली मालकीणबाई एकट्याच. प्रिंटरसाठी त्यांनी आपल्या गेलेल्या यजमानांचं टेबल दिलं. त्याबदल्यात यजमानांच्या जुन्या फोटोच्या दोन प्रती मागितल्या. म्हणाल्या, फोटोत फार गार दिसतात हो, जरा ऊब आणा.

मंगळवार

खुर्चीत बसलेला माणूस. हात गुडघ्यांवर, चेहरा राखेसारखा. तपकिरी छटा चढवायला तयार रंग मिळतात, पण सगळे चहा सांडल्यासारखे. म्हणून माझंच डावं मनगट स्कॅनरवर ठेवलं, कातडीचा रंग उचलला आणि नमुन्यादाखल फक्त त्याच्या हातांना दिला. नकार येणार हे गृहीत धरून छापायला टाकलं. आला नाही! यंत्रानं गुरगुरत छापलं. झकास, जिवंत हात.

बुधवार

मनगटावर करडा डाग. शाई असेल म्हणून घासलं. साबण झिजला, डाग जागच्या जागी. नमुना मालकीणबाईंना दाखवला. त्यांनी तो गालाला लावला. म्हणाल्या, भाऊ, अगदी असेच ऊन हात होते त्यांचे. बाई हळव्या आहेत.

गुरुवार

आज मान आणि धड छापलं. मग शंका आली म्हणून पिवळ्या शाईची कुपी काढून हलवली. ठणठणीत कोरडी. मग हा तपकिरी येतोय कुठून?

करडेपणा कोपरापर्यंत चढलाय. हात गार. भिंगातून पाहिलं, तर छापलेल्या मनगटावर तीळ. मूळ फोटोत नाही. मी फक्त रंग उचलला होता, तीळ नव्हे.

माझ्या मनगटावर आता तीळ नाही.

शुक्रवार

वायर उपटून टाकली. भर दुपारी खाली खुर्ची सरकली. गेलो, तर टेबलावर दोन कप. मालकीणबाईंनी दारातच अडवलं. म्हणाल्या, आत नका येऊ, चेहरा व्हायचाय ना अजून, त्यांना संकोच वाटतो. दूध नासलं म्हणावं इतक्या सहज. मी म्हटलं, फोटो परत घ्या, मी घर सोडतो. तर डोळ्यांना पदर. म्हणाल्या, अर्धवट टाकून कसं जाल भाऊ? राहिलेलं मग ते स्वतःच घ्यायला येतील.

शनिवार

बॅग भरली. दार उघडत नाही, म्हणजे जड कडीला दोन्ही हात लागतात आणि डाव्याची बोटंच वळत नाहीत. करडं मानेपर्यंत— उजवा हात तेवढा अजून—

जिन्यावर पावलं. चाचपडत. त्याला डोळे कुठे आहेत—

शनिवार, नंतर

दारावर थाप. हळू, सभ्य. फटीतून बोटं आत. मनगटावर माझा तीळ.

टेबलाचं देणं राहिलंय. दोन प्रती. शब्द दिला होता. वायर लावली. चेहऱ्याला रंग दिला. यंत्र म्हणतं, पिवळी शाई संपली आहे. ठाऊक आहे बाबा.

पहिली आली. गाल, ओठ. डोळे राखच. दाराखालून सरकवली. बाहेर मालकीणबाई हसल्या— म्हणाल्या, अहो, बोला ना काहीतरी. आणि कोणीतरी घसा खाकरला. माझ्यासारखाच.

दुसरी घालतो. म्हणजे फिटलं. कागद आत गेला— कपाळ— भुवया— आता डो— इथली ओळ दिसत ना—