गुरांच्या डॉक्टरकीला माझा नंबर लागण्याविषयी

ट्वेटेन फार्म, एल्क प्रेअरी, विस्कॉन्सिन
रविवार, २१ मार्च १९९३

ती. बोरघिल्ड आत्यास,

कारीचा नमस्कार पोचावा. इकडे बाबा, मी आणि सेहेचाळीस गाई बऱ्या आहोत. (एकीला सर्दी आहे आणि एकाचे दोन्ही गुडघे गेलेत. सर्दी गाईला आहे.) तुझी कंबर कशी आहे? अ‍ॅरिझोनात हिवाळा नसतो हे तू दर पत्रात आवर्जून लिहितेस. आमच्याकडे असतो. परवा गोठ्याच्या दाराची कडी गोठून बसली, ती किटलीभर उकळतं पाणी ओतून सोडवली, तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "जरा गार आहे." तुझ्या भावाच्या तब्येतीबद्दल याहून जास्त माहिती मलाही नाही, कारण तब्येतीबद्दलही ते इतकंच बोलतात.

खरं तर फोन करणार होते. पण आपला फोन स्वयंपाकघराच्या भिंतीला आणि बाबांची खुर्ची फोनला चिकटलेली, आणि तू तर फोनवर अशी बोलतेस की मध्ये तारा नसत्या तरी ऐकू आलं असतं. विषय असा आहे की तो बाबांच्या कानावर इतक्यात जायला नको, म्हणून हा कागद.

तर विषय हा की गुरांच्या डॉक्टरकीला माझा नंबर लागेल का. ही तिसरी खेप, आणि ती शाळा तीनच खेपा अर्ज घेते, म्हणजे शेवटची. नाही लागला तर मी इथेच राहीन, धारा काढीन आणि गाई राहतील. लागला तर बाबांना एकट्याने सेहेचाळीस गाईंखाली दिवसातून दोनदा बसून यंत्र लावणं जमणार नाही, आणि मग मेच्या एक तारखेला गाई विकायच्या. असं ते स्वतः बोललेले नाहीत. फक्त गोठ्याचे पत्रे बदलायचे का विचारलं तर "मेनंतर बघू" म्हणतात, आणि नवी कालवड घ्यायची का विचारलं तरी "मेनंतर बघू" म्हणतात. त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून या गोठ्यात गाय नाही असा दिवस उजाडलेला नाही, हे तुला मी काय सांगायचं.

म्हणून मी ठरवलं की या गोष्टीकडे त्रयस्थासारखं बघायचं. समज, कारी ट्वेटेन नावाची कुणी एक बाजारात उभी आहे. वय पंचवीस, पाय सरळ, दात जागेवर, स्वभाव शांत, चारताना त्रास देत नाही. घ्यावी की पुढच्या दावणीकडे जावं?

पहिली गोष्ट मार्कांची. ते बरे आहेत, फक्त सेंद्रिय रसायनशास्त्रात जेमतेम निभावलं. त्या सत्रात मका उशिरा वाळला आणि परीक्षा वेळेवर झाली. अर्जात "काही अडचणी असल्यास नमूद करा" अशी जागा होती, तिथे मी "नाही" लिहिलं. नंतर कळलं की बाकीचे तिथे दोन-दोन पानं जोडतात. आपल्याकडे उशिरा वाळलेल्या मक्याला कुणी अडचण म्हणत नाही, त्याला ऑक्टोबर म्हणतात.

दुसरी गोष्ट तासांची, आणि इथे माझं घोडं खरं अडलं. अर्जात दोन चौकटी असतात. पहिलीत जनावरांबरोबर किती तास घालवले ते लिहायचं. दुसरीत डॉक्टरच्या देखत किती तास घालवले ते. पहिल्या चौकटीत माझा आकडा मावेना, म्हणून मी शाळेत फोन केला, तर तिथली बाई म्हणाली की काहीतरी चुकलं असेल, पुन्हा मोजा. दुसऱ्या चौकटीत माझे तास होते अकरा. आता तूच सांग, आपल्याकडे डॉक्टरला कधी बोलावतात? आपल्याने होत नाही तेव्हा. आणि तो येईपर्यंत काय होतं? होऊन जातं. मग तो कॉफी पितो आणि जातो. आडव्या आलेल्या वासराला सरळ करून मी किती वेळा बाहेर काढलंय ते मला आठवतही नाही, पण त्यांपैकी एकही वेळ शाळेच्या हिशेबी घडलेली नाही. शहरातला एखादा पोरगा कुत्र्यांच्या दवाखान्यात कोपऱ्यात उभा राहून नखं कापताना बघतो, तो अख्खा उन्हाळा दुसऱ्या चौकटीत जातो.

हे मी जेवताना बाबांना सांगितलं. त्यांनी बटाटा संपवला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी डॉ. हाफेमानना बोलवायला सुरुवात केली. आत्या, ज्या माणसाने स्वतःचा अंगठा फाटकात चिरडला तेव्हासुद्धा डॉक्टरला बोलावलं नव्हतं, त्याने गाय खोकली म्हणून बोलावलं. गाय खोकली नाही म्हणूनही एकदा बोलावलं. ("नेहमी खोकते, आज गप्प आहे.") हाफेमान गेली चाळीस वर्षं या भागातली गुरं बघताहेत, त्यांना दुसऱ्या फेरीतच सगळं समजलं. तिसऱ्या फेरीला ते लिव्हर सॉसेजचं सँडविच घरून बांधून घेऊन आले.

मग जानेवारीतल्या एका शनिवारी भर दुपारी ट्रूडी गाय विण्याला आली आणि वासराचा पुढचा पाय मागे दुमडलेला. संधी चांगली होती. हाफेमान आले आणि गाडीतच बसून राहिले. बाहेर उणे वीस, गाडीत हीटर, शिवाय सँडविच अर्धं झालेलं. मी आत गाईपाशी, खांद्यापर्यंत हात घालून. तिथून ते मला दिसेनात, म्हणजे मी त्यांना दिसेना, म्हणजे तास मोजला जाईना. म्हणून बाबांनी गोठ्याचं मोठं दार सताड उघडलं. वारा आत शिरला तशी ट्रूडी कळ द्यायची थांबली. मी ओरडले, "बाबा, दार लावा!" बाबा म्हणाले, "लावलं तर तू डॉक्टरच्या देखत राहत नाहीस." मी म्हटलं, "उघडं राहिलं तर वासरू राहत नाही." त्यांनी एकदा दाराकडे आणि एकदा गाडीकडे पाहिलं. मग गाडीपाशी गेले, काचेवर टकटक केलं आणि बासष्ट वर्षांच्या त्या गृहस्थाला दंडाला धरून आत आणलं, उलट्या बादलीवर बसवलं आणि अंगावर घोड्याची घोंगडी टाकली. दार लागलं. पाय सरळ झाला, वासरू आलं, चांगली कालवड. मी वळून बघते तर डॉक्टर गाढ झोपलेले.

आता झोपलेला डॉक्टर देखत धरायचा की नाही? हाफेमाननी जाग आल्यावर माझ्या वहीत तीन तास लिहून सही केली. मी त्यातला दीड खोडला. बाबा चिडले (म्हणजे त्यांनी टोपी काढून परत घातली) आणि म्हणाले, "झोपला म्हणून तो काय सुतार झाला?" त्यावरून आमचं दोन दिवस बोलणं नव्हतं, अर्थात ते नेहमीच्या बोलण्याहून फार वेगळं वाटलं नाही. पण मला तेव्हा कळलं की हा माणूस स्वतःचा गोठा रिकामा करायला मला मदत करतोय, आणि तीही हट्टाने. ते कळल्यावर मला फार वाईट वाटलं. ते मी बोलले नाही. चारा घालायला गेले.

तिसरी गोष्ट शिफारसपत्राची. ते हाफेमाननी दिलं, आणि त्यात काय आहे ते मला फेब्रुवारीत मुलाखतीच्या वेळी कळलं. समोर तिघं होती. मधल्या बाई, डॉ. प्रेंटिस, पूर्वेकडच्या, समुद्राकाठच्या. त्यांनी ते पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं, म्हणजे त्याला फार वेळ लागला नाही. "कारी ट्वेटेन गोठ्यातून निघताना फाटक लावते. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. ई. हाफेमान." बाईंनी चष्मा काढला आणि फार मायेने विचारलं, "तुमचा आणि यांचा काही वाद झाला होता का?"

मी सुन्न झाले, आत्या. "तक्रार नाही" हे हाफेमान माझ्या माहितीत आजवर फक्त आणखी एका व्यक्तीबद्दल बोलले आहेत, आणि ते त्यांच्या बायकोच्या दफनाच्या वेळी. चर्चमध्ये निम्मे लोक रडले होते. पण हे त्या बाईंना समजावून सांगायचं म्हणजे मीच माझी तारीफ केल्यासारखं होणार. म्हणून मी म्हटलं, "नाही, वाद नाही." त्यांनी ते लिहून घेतलं.

पुढे त्यांनी विचारलं, स्वतःला दहापैकी किती गुण द्याल? माझ्या आधी आत जाऊन आलेला मुलगा बाहेर बाकावर सांगत होता की त्याने नऊ दिले. (तो आफ्रिकेत हत्तीला इंजेक्शन देऊन आला होता, म्हणजे देणाऱ्याच्या बाजूला उभा होता. तिथे डॉक्टर जागा होता.) मी मनाचा हिय्या करून सहा म्हटलं. एवढी फुशारकी आपल्या घराण्यात कुणी मारली नसेल. गाडी चालवत घरी येईपर्यंत माझे कान तापलेले होते.

शेवटी एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी विचारलं, "समजा, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची गाय आता बरी होणार नाही, पण त्याचं मन तिला सोडायला तयार नाही. काय कराल?" मी म्हटलं, "त्याच्याबरोबर कॉफी पिईन." ते पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. पुढचं वाक्य नव्हतं. मग मीच म्हटलं, "लागला तर दुसरा कप." डॉ. प्रेंटिसनी घड्याळाकडे पाहिलं. म्हाताऱ्यांनी काहीतरी लिहिलं, पण त्यांचं अक्षर उलटं वाचता आलं नाही.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "जेवायला दिलं का त्यांनी?" मी म्हटलं, दिलं. मुलाखतीबद्दल आमचं एवढंच बोलणं झालं.

तेव्हा सगळं जमेस धरून, मुलगी माझी कुणी लागत नाही असं समजून, माझं मत असं आहे की दहात दोन. रसायनशास्त्र कच्चं, तास झोपेतले, शिफारस थंड, मुलाखतीत कॉफी. अशीला कोण घेणार? आणि न घेतलेलंच बरं. गाई राहतील, पत्रे बदलता येतील, मी काही दुःखी होणार नाही. धारांच्या वेळी गोठ्यात ऊब असते आणि रेडिओ चालू असतो, तेव्हा मला खरंच बरं वाटतं. तुझं मत काय ते कळव. तू या घरातून लग्न करून निघालीस तेव्हा तुझी शक्यता किती धरली होती, तेही कळव.

काकांना नमस्कार सांग. कंबर शेकत जा.

तुझी भाची,
कारी

ता. क. नंबर लागला आहे. पाकीट मंगळवारी आलं. वरचं सगळं मी त्यानंतर लिहिलं. तुला फसवायचा हेतू नव्हता. माझा नंबर लागणं शक्यच नव्हतं असं कागदावर नीट सिद्ध झालं असतं, तर मला ते पाकीट परत पाठवता आलं असतं. पंधरा एप्रिलपर्यंत होय किंवा नाही कळवायचं आहे. गेले पाच दिवस मी बाबांना सांगायला तोंड उघडते आणि ते माझ्या कपात कॉफी ओततात. तर आत्या, खरं काम हे: पुढच्या रविवारी, चर्चहून आल्यावर ते खुर्चीत बसतात तेव्हा फोन करून तूच त्यांना सांग. तुझं ते ऐकतात.

आणखी एक ता. क. (सोमवार.) नको सांगूस. आज सकाळी धारा काढताना ते गाईच्या पलीकडून म्हणाले, "पाकीट जाड होतं." टपालपेटीतून ते त्यांनीच आणून साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलं होतं, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही कोण जाणे. मी म्हटलं, "हो." पुढच्या तीन गाईंच्या धारा झाल्या. मग म्हणाले, "चौतीस जातील. बारा ठेवतोय." मी विचारलं, बारा कशाला, दोन्ही गुडघे गेलेत तुमचे. तर म्हणाले, "चार वर्षांनी इथे डॉक्टर यायची म्हणजे गोठ्यात कुणी आजारी पडायला नको का?" मी दुधाच्या खोलीत जाऊन टाकीमागे उभी राहिले आणि बराच वेळ रडले. तू हे कुणाला सांगू नकोस.

तेव्हा फोन कर, पण माझ्या शाळेचं अक्षर काढू नकोस. गुडघ्यांचं बोल. मी निघायच्या आत दोन्हीचं ऑपरेशन करून घ्या म्हणावं, नाहीतर बारासुद्धा होणार नाहीत. तू सांगितलंस तर ऐकतील. माझं ऐकायला त्यांना अजून चार वर्षं आहेत.