पडद्यामागून दिसलेला हात

आत्याबाई, तुमाले पत्र लिहायचं म्हणजे गंमतच आहे. सांगणारीले अक्षर येत नाही, ज्याईले सांगायचं त्याईलेही येत नव्हतं, आणि मधात नात पेन धरून बसली आहे. आजी, हळू सांग, म्हणते. मी म्हटलं, सासूले घाई नाही, सुनेले घाई नाही, तुलेच कायची घाई? तुमी गेल्या त्या वयाहून मी आता कितीतरी मोठी झाली. खरं पाह्यलं तर आता तुमीच माझ्या पाया पडाले पाह्यजे. पण ते राहू द्या. परवा नातीच्या मोबाइलवर आपला हाताचा पिक्चर दिसला, म्हणून हे सारं सांगून राह्यली.

आपल्या गावाले, किन्हीराजाले, ज्वारी खळ्यातून घरात आली की तंबूवाला टॉकीज घेऊन यायचा. बैलगाडीवर भोंगा बांधून गावभर फिरायचा, कमजोर दिलवाले मत आना, म्हणायचा. तुमी चुलीपाशी भाकर थापत असायच्या, आणि भोंगा दारावरून गेला की तुमचा हात थांबायचा. तुमचा लेक, माझा घरधनी, लगेच ओळखायचा. धम्माची दीक्षा घेतल्यापासून घरातून देव गेले, काळे दोरे गेले, दारावरचं लिंबू-मिरची गेलं, आणि ह्या साऱ्याची राखण त्याच्याकडं. आपण भूत मानत नाही, मग भुताचा खेळ कायले पाह्यचा, असं त्याचं म्हणणं. तुमी तोंड वर न करता म्हणाल्या, "बापू, ह्याच्यात भूत नाही. शेवटी मानूसच निघते. मानसाले भ्याची मनाई कोनं केली काय?" तेव्हापासून आपला नेमच झाला. तिकीटवाल्याले तुमी आधी विचारायच्या, शेवटी भूत खरं निघते का मानूस? भूत खरं असलं तर आपण परत घरी. मानूस निघत असला तर पोतं बगलेत मारून आत. तो तिकीटवालाही तुमाले पाहून दुरूनच ओरडायचा, मानूस हाय वं माय, या.

मधात पडदा, त्याच्या पुढं गडीमाणसं आणि मागच्या अंगाले आपण बाया. पडद्यावरची अक्षरं म्हणे आपल्याकडून उलटी दिसत. आपल्याले काय, सुलटीही तशीच. पिक्चर सगळे एका मापाचे. एक बंगला, एक जिना, एक पोरगी. पोरगी भिंतीले टेकली की भिंत हालायची, आणि रक्त पाहून तुमी म्हणायच्या, हे रक्त नाही वं, रंगपंचमी आहे. पण त्या हाताच्या पिक्चरमधी तुमीही हसल्या नाहीत. मारणाऱ्याचं तोंडच दिसत नाही. नुसता हात. काळा मोजा घातलेला डावा हात, आणि त्यात बारीक, चमकणारी सुरी. पोरगी मेणबत्ती घेऊन तळघरात उतरते, आणि आपल्या अंगाच्या साऱ्या बाया तिले सांगून राह्यल्या, जाऊ नको वं बाई, मागं फिर. ती काही ऐकत नाही. मग हात येतो, आणि सगळ्यात आधी तुमी किंचाळता. नवरा गेला तेव्हा पदर तोंडात कोंबून बसलेली बाई तुमी, तंबूत मात्र गळा मोकळा सोडायच्या, आणि मग डोळे पुसत हसायच्या. एकदा येताना मी विचारलं, हे पाहून तुमाले मिळते तरी काय? तुमी म्हणाल्या, "घरात भेलं तं लेकरं भेतात. वावरात भेलं तं काम राह्यते. कुठं तं पोटभर भेऊन घ्यावं नं मानसानं." शेवटी तो मोजा काढतो, आणि तो त्या घरचा डॉक्टर निघतो. पांढऱ्या कोटातला, गोड बोलणारा. तुमी तो पिक्चर पुन्हा पाह्यला, मलेही ओढत नेलं.

त्याच्या पुढच्याच साली न्हाणीत मी तुमची पाठ घासताना तुमी माझा हात धरून छातीशी नेला. गाठ होती. बोराएवढी होती तवा लपवली, म्हणाल्या, आता लिंबाएवढी झाली. वाशीमले दाखवलं. तिथल्या डॉक्टरनं दूरच्या मोठ्या दवाखान्यात जायले सांगितलं, कापावं लागेल, उशीर करू नका, म्हणाला. तुमचा लेक कामावर, म्हणून आपण दोघीच गेलो. तिथला डॉक्टर चांगला माणूस होता. केस पिकलेले, तुमाले आई म्हणायचा. अजून वेळ गेली नाही, आई, कापून टाकू, भिऊ नका. तुमी मान हालवून राह्यल्या. मग तो कागदावर लिहायले वाकला, आणि तुमी माझ्या मांडीले असा चिमटा काढला की मी उडालीच.

"हात पाह्य त्याचा," तुमी कानाशी म्हणाल्या.

त्यानं पेन डाव्या हातात धरलं होतं.

मले आधी हसू आलं. मग नाही आलं. तरी मी म्हटलं, आत्याबाई, माझा भाऊ डावखुरा आहे, गवत कसं सरसर कापते. तुमी म्हणाल्या, गवत वरडत नाही. डॉक्टरनं वर पाह्यलं. तुमी त्याले हात जोडले, साहेब, बाहीर जाऊन येतो, म्हणाल्या, आणि ज्या उठल्या त्या फाटकापाशीच थांबल्या. मी तुमचा हात धरला. मागं चला म्हटलं, पिक्चर तो पिक्चर, म्हटलं, रस्त्यावरची माणसं पाहून राह्यली होती तरी ओढलं. तुमी हात सोडवून घेतला नाही. नुसत्या उभ्या राह्यल्या आणि म्हणाल्या, "पोरी, देव सोडले, भुतं सोडली, नजर लागनं सोडलं. आता हे एकच भेव राह्यलं माह्यापाशी. तेबी सोडू?"

मग आपण दोघी बसकडं निघालो.

पुढची ज्वारी तुमी पाह्यली नाही. टॉकीज आली, भोंगा दारावरून जायले लागला, तर तुमचा लेक रस्त्यात जाऊन त्या गाडीपुढं उभा राह्यला. गाडीवाल्यानं भोंगा बंद केला, टोपी काढली आणि बैल हळू हाकत घेऊन गेला.

आणि परवा नात म्हणते, आजी, तुमच्या काळचा पिक्चर पाह्य, किती भंगार आहे. तोच बंगला, तोच जिना. हात आला, आणि मी म्हटलं, थांबव. मागं ने. पुन्हा थांबव. मी विचारलं, हा कोणता हात? उजवा, ती म्हणे. मी म्हटलं, नीट पाह्य, डावा आहे. ती म्हणे, उजवाच आहे, आजी. मग तिनं विचारलं, तुमी कुठं बसायच्या? मी म्हटलं, पडद्याच्या मागं. तिनं एका पातळ कागदावर हात काढला, आणि तो कागद उलटा करून उजेडासमोर धरून मले दाखवला.

पडद्यामागून सारंच उलटं दिसते, आत्याबाई. त्या तंबूतल्या साऱ्या गड्याईले ठाऊक होतं, तो उजवा होता. आपण बायाच तेवढ्या डावा पाहून आलो.

आता हे कोणाले सांगू? तुमचा लेकही गेला. तो असता तर म्हणाला असता, भूत गेलं तर हात धरून बसल्या. मी नातीले विचारलं, तेव्हा कापलं असतं तर? ती म्हणे, लवकर कापलं तर काही जणी वाचायच्या, आजी. काही जणी. त्याच्यात तुमी असत्या का नसत्या, हे ह्या मोबाइलवरही दिसत नाही. आणि दिसलं तरी माझ्या काय कामाचं? कधी वाटते, तो दवाखान्यातला डॉक्टर उजव्या हातानं लिहिता तरी तुमी दुसरं काही शोधलंच असतं, त्याचा पांढरा कोट, त्याचं गोड बोलणं. असं वाटलं की जरा झोप लागते. मग जाग येते.

नातीनं पेन खाली ठेवलं आहे. मी म्हटलं, लिही, थोडंच राह्यलं. हे कुठं धाडायचं नाही. फाटकापाशी मी तुमाले मागं ओढत होती, ते खरंच आहे. पण बस सुटली, तुमी पुडीतले फुटाणे काढून अर्धे माझ्या ओटीत टाकले, आणि त्या डॉक्टरची मान वाकडी करून नक्कल केली, तवा मी हसली. दवाखाना मागं राह्यला म्हणून मले हलकं वाटलं. घर येईपर्यंत मी खुश होती, आत्याबाई.