बारावी लडी

सेडुना, ११ सप्टेंबर

प्रिय ग्लेनिस आत्या,

तुझी लोकर सुखरूप आहे. हे आधी लिहिते, कारण पत्र उघडल्यावर तुझे डोळे तेच शोधतील. स्वेटर जवळजवळ झाला आहे. ‘जवळजवळ’ का, हे सांगायला मला दोन-तीन पानं लागतील. मधली पानं सोडून शेवटाकडे जाऊ नकोस. मला क्रमानेच सांगू दे. क्रम मोडला की माझं काहीतरी सांगायचं राहतं आणि मग आठवडाभर झोप लागत नाही, हे तुला कुणी सांगायला नको.

बाबांनी दहा वर्षांच्या नोकरीची साठलेली रजा अर्ध्या पगारावर ताणून चार महिन्यांची केली, आईने शेजाऱ्यांची जुनी कॅराव्हॅन मागून आणली, आणि मे महिन्यात आम्ही तिघं निघालो. वाळवंटातून वर डार्विन, मग पश्चिमेचा सगळा किनारा, पर्थ, आणि परवा नलार्बरचं मैदान ओलांडून इथे. निघायच्या आदल्या दिवशी मी तुझ्याकडे आले होते ना, तेव्हा तू ती पिशवी माझ्या मांडीवर ठेवलीस. तुझ्या शेवटच्या मेंढ्यांची, शेवटच्या कातरणीची लोकर, तू स्वतः कातलेली, अकरा लड्या. “नेव्हिलला स्वेटर कर,” म्हणालीस. “पण कुणाची लोकर ते सांगू नकोस. कळलं तर घालणार नाही तो.” मी तसं वचन दिलं, आणि बाहेर गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की चार महिने, एका खोलीएवढ्या कॅराव्हॅनमध्ये, मला बाबांपासून काहीतरी लपवायचं आहे.

मी त्या दिवशी सोळा वर्षांची होते, आत्या. दहा वर्षांपूर्वी बाबांनी रानातला आणि कळपातला आपला अर्धा भाग विकला तो दिवस. ओसरीवर लिलावाला आलेली माणसं चहा पीत उभी होती आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस, “मेंढ्या सोडून बसगाड्या दुरुस्त करायला चाललास. आपल्या बाबांच्या कळपाची लोकर अंगावर घालायचा हक्क गेला तुझा.” त्यानंतर दहा वर्षं बाबांनी लोकरीचं काहीच घातलं नाही. आई दुकानातून ती प्लॅस्टिकच्या धाग्याची जाकिटं आणते, त्यांतच ते हिवाळे काढतात. मला ही लोकर देताना तुझ्या मनात ते वाक्य होतं, की मीच उगाच जोडते आहे? विचारायचं धाडस तेव्हा झालं नाही.

आईने लोकरीबद्दल विचारलं, तेव्हा मी म्हणाले, एका ओळखीच्या बाईंकडून घेतली. हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. पोर्ट ऑगस्टाला पहिली लडी गुंडाळायची होती. खुर्चीच्या पाठीवर अडकवते म्हटलं, तर बाबांनी आपणहून दोन्ही हात पुढे केले. लडी त्यांच्या मनगटांवर, मी समोर गुंडा गुंडाळते आहे, आणि मधेच त्यांनी मला थांबवलं. लोकरीत अडकलेलं गवताचं एक कुसळ अंगठ्याने काढलं, उजेडात धरून पाहिलं, आणि शर्टाच्या खिशात टाकलं. मला वाटलं, कचरा नको म्हणून.

मी तुझ्या शिकवण्याप्रमाणे घरीच, एका लडीचं टोक सोडवून, नमुन्याचा तुकडा विणून घेतला होता. चार इंचांत वीस टाके, अगदी बरोबर. तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मी आकडे शिकले ते टाक्यांवरच, दहा वर्षांची होईपर्यंत दुसरी शाळा नव्हतीच मला. त्यामुळे टाके मोजण्यात माझी चूक होत नाही. चूक दुसरीच झाली. तो तुकडा मी निश्चिंत मनाने विणला होता. प्रवासात मात्र बाबा शेजारी बसले की माझा हात आवळायचा, टाके घट्ट पडायचे. आणखी वाईट म्हणजे, मला ते समजत होतं. ॲलिस स्प्रिंग्जला सुई टाक्यातून सरकेना, तेव्हाच मोजायला हवं होतं. मोजपट्टी पिशवीतच होती. मी ती वर काढली नाही. वाटलं, मोजलं नाही तर चुकलेलं नसेल.

आई मात्र मजेत होती. कॅथरीन गावात बाहेर पस्तीस डिग्री, आणि ती शेजारच्या तंबूवाल्यांना सांगते, “आमची मेरिन बघा. लोक पोहायला आलेत, आणि ही मांडीवर मेंढी घेऊन बसलीय!”

ब्रूमला पाठ आणि पुढचा भाग झाला. बाबा गॅसपाशी वाकून मासे तळत होते, मी हळूच मागून पाठीला लावून पाहिलं. एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतही पोचेना. आई म्हणाली, “कोकरासाठी विणलास का गं?” मग मात्र मी मोजपट्टी काढली. चार इंचांत चोवीस टाके. अडीच महिन्यांचं काम, आणि सगळं उसवण्यावाचून गत्यंतर नाही.

मी टोक शोधून ओढायला लागले, तर बाबांनी गॅस बंद केला, हात पुसले, समोर येऊन बसले आणि मनगटं पुढे केली. मी ओढत होते, ते लडी करत होते. मग ते म्हणाले, “ग्लेनची आहे ना ही?” माझ्या हातातला धागा थांबला. मी वचन दिलं होतं, म्हणून हो म्हणाले नाही. खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून नाहीही म्हणाले नाही. त्यांनी एक हात लडीतून सोडवून खिशातून पाकीट काढलं. पाकिटात, जिथे आईचा फोटो असतो तिथे, ते कुसळ होतं. “आपल्या ओढ्याकाठच्या रानातलं गवत,” म्हणाले. “आणि या लोकरीचा स्पर्श मी डोळे मिटून ओळखीन. पंचवीस वर्षं कातरलीय. पोर्ट ऑगस्टापासून माहीत आहे मला.” मी विचारलं, मग बोलला का नाहीत? “तू बोलली नाहीस. म्हटलं, आपल्या घराण्यात अशीच पद्धत आहे.”

आत्या, मी हसले की रडले ते मला नीट सांगता येणार नाही. आई म्हणते दोन्ही, आणि मासे जळले ते वेगळंच. बाबा थोड्या वेळाने म्हणाले, “आता दोन इंच मोठा विण. माझं पोट सुटलंय, ते ग्लेनला कुठून ठाऊक असणार?” म्हणजे ते घालणार होते. मी उसवलेली लोकर बादलीत धुतली, सरळ व्हावी म्हणून लड्यांना खाली बीन्सचे डबे बांधून कॅराव्हॅनच्या छतावरून टांगल्या. येणारे-जाणारे विचारत, ही काय नवीन पद्धत? बाबा गंभीरपणे सांगत, डब्यांना थंडी वाजते.

त्यानंतर माझा हात सैल सुटला. कार्नार्व्हनपासून पर्थपर्यंत पाठ, पर्थच्या पुढे पुढचा भाग आणि गळा, एस्परन्सला उजवी बाही. एकदाही मोजावं लागलं नाही, तरी मी रोज मोजलं. पण सैल टाका जास्त लोकर खातो, आणि वर ते दोन इंच. नलार्बरवर, जिथे दिवसभरात एक झाड दिसत नाही तिथे, डाव्या बाहीच्या कोपरापाशी अकरावी लडी संपली. तुझा कळप गेला, आता ही लोकर जगात कुठेच मिळायची नाही. मी म्हणाले, सेडुनाला जुळता रंग शोधते, मनगटाशी वेगळी पट्टी टाकते. बाबांनी गाडी कडेला घेतली. “दुसरी नको,” म्हणाले. “ग्लेन बारा कातते आणि अकरा देते. एक मागे ठेवते, डागडुजीला. आमच्या आईची शिकवण आहे ती, आम्हा दोघांनाही.”

खरं तर त्याच लडीसाठी हे पत्र आहे. आई म्हणाली फोन कर, पण तू फोन ठेवून देतेस, पत्र परत ठेवता येत नाही. आणि आज सकाळी जे झालं ते लिहूनच सांगायला हवं होतं. इथे समुद्रावरून गार वारा सुटला होता. बाबांनी तो स्वेटर तसाच अंगात घातला, उजवी बाही पुरी, डावी कोपरापर्यंत, खाली टाके अडकवलेला दोरा लोंबतोय, आणि पाव आणायला दुकानात गेले. मी मागोमाग होते. दुकानदारीण बघून हसायलाच लागली. म्हणाली, “अहो, उरलेली बाही कुठे?” बाबा सुटे पैसे मोजत, मान वर न करता म्हणाले, “बहिणीकडे आहे.” दहा वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. आम्ही पुढच्या रविवारी, दुपारच्या जेवणापर्यंत पोचतो. तू काही खास करू नकोस, त्यांना अवघडल्यासारखं होईल. फक्त ती बारावी लडी काढून ठेव, पण गुंडा करू नकोस. ते म्हणालेत, लडी मी धरीन, गुंडाळायची तिने.

तू शिकवलंस त्या प्रत्येक टाक्यासाठी ऋणी असलेली, तुझीच

मेरिन