तीन सीटांचे पॉइंट

येलहंका, जुनं गाव
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

प्रिय रूपक्कास,

साष्टांग नमस्कार. तू, दाजी आणि चिमी मजेत असाल. पुण्यात थंडी पडली असेल. इथे सकाळी धुकं, दुपारी ऊन आणि संध्याकाळी नळाला पाणी नाही. म्हणजे नेहमीसारखंच.

पीयूसी, म्हणजे बारावी, अर्धवट सोडलेल्या भावाने पत्र लिहिलं म्हणून हसशील. हस. कागदावर लिहून फोटो पाठवतोय, कारण घरात फोनवर बोललं की अप्पांना ऐकू जातं. शिवाय तुझा आवाज भरून आला की माझं गाडं अडतं. ऑफिसात वाचू नको. घरी जाऊन, चहा पिऊन वाच.

तू रोज विचारतेस, तारीख सांग, महिनाअखेर विमानाचे पॉइंट वाया जातील. ऑफिसच्या कामासाठी दिल्ली-कोलकात्याच्या फेऱ्या मारून तू ते साठवलेस, हे मला कळतं. बरोबर तीन सीटांपुरते आहेत. येताना अप्पा आणि मी, आणि परतताना अप्पा. मी परत रेल्वेने जायचं, कारण मला कुठेही झोप लागते. तुझं गणित चुकलेलं नाही. तरी मी एकदा धुक्याचं कारण सांगितलं, एकदा पॉइंट असले तरी वरचा कर रोख भरावा लागतो म्हणून कुरकुर केली, आणि परवा म्हटलं, रेल्वेच बरी, आडवं होता येतं.

रेल्वेचं मी अगदीच खोटं बोललो नाही हां. गुंतकल सोडलं की डब्यात सगळ्यांचे डबे उघडतात, ती जेवणं विमानात कुठली? एकदा मी वाडी जंक्शनला चहाला उतरलो आणि गाडी सुटली. बॅग सोलापूरला पोचली आणि मी दुसऱ्या दिवशी. मधे एक तबलजी भेटला होता, त्याच्याबरोबर... जाऊ दे. बघ, कुठे होतो आणि कुठे गेलो.

तर विमान. मी अप्पांना म्हटलं, ‘विमानाने जाऊ या.’ एअर फोर्सच्या पोरांचे गणवेश शिवण्यात त्यांचा जन्म गेला. डोक्यावरून विमान गेलं की कात्री थांबवून वर बघायचे, पण आत कधी बसले नाहीत. मला वाटलं, खूश होतील. म्हणाले, ‘घरात एक उडाणटप्पू आहे तेवढा पुरे की.’

दुसऱ्या दिवशी ताक पिता पिता त्यांनी विचारलं, ‘अभी, हे पॉइंटचं तिकीट रद्द केलं तर पॉइंट परत मिळतात काय रे?’

‘कुणाचं रद्द करायचंय?’

‘कुणाचं नाही. नियम विचारला. रेल्वेचं थोडं कापून का होईना, परत मिळतं. पोरीचं उगाच वाया नको जायला.’

मी म्हटलं, ‘मिळतात.’ मला माहीत नव्हतं. नंतर नियमांचं ते पान उघडलं आणि अर्ध्यावर बंद केलं.

अक्का, आता सांगतो. गेल्या आठवड्यात अप्पांचा रिपोर्ट घ्यायला मी एकटाच गेलो होतो. तुला सांगितलं की डॉक्टर म्हणाले, पुण्यात एकदा दाखवून घ्या. ते तसं म्हणाले नव्हते. पोटातलं आता यकृतात गेलंय. मी विचारलं, ‘पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यावं का?’ डॉक्टर अरविंदांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, ‘मुलीला भेटवायला न्यायचं तर न्या. इलाजासाठी दमवू नका. त्यांना जिथे बरं वाटेल तिथे राहू द्या.’ किती दिवस, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. त्यांनीच सांगितलं, की संक्रांतीपर्यंतचं वचन मी देणार नाही.

तिथून मी घरी आलो नाही. बाइक घेऊन नंदीच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेलो. वर चढलो नाही. एक भाजलेलं कणीस खाल्लं. कणीस गोड होतं आणि मला त्याचाच राग आला.

अप्पांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. तुझी शप्पथ.

तुला आठवतं का, गावाला निघताना अप्पा मशीनवर एक कपडा मुद्दाम अर्धा ठेवतात? सुई कापडात रोवलेली, मशीनचा दाबपाय खाली. काम वाट बघत असलं की माणूस माघारी येतो, असं आजोबांनी त्यांना शिकवलेलं. तुझ्या लग्नाला निघाले तेव्हा एका कॉर्पोरलच्या शर्टाची बाही अशीच ठेवली होती, आणि तो बिचारा रोज दुकानात येऊन रिकाम्या खुर्चीला सलाम करून जायचा.

काल मी तारीख न ठरवताच बॅग भरली आणि त्यांना आणायला दुकानात गेलो. मशीनवर काही नव्हतं. सुई वर. पट्टासुद्धा काढून गुंडाळलेला. शिवून झालेले कपडे नावाच्या चिठ्ठ्या लावून टांगलेले. मला वाटलं, विसरले. मीच एक खाकी तुकडा उचलून सुईखाली सरकवायला लागलो. कटिंग करणारे विठोजीमामा ‘अरे अरे’ करत उठले.

अप्पा म्हणाले, ‘राहू दे ते. ज्याला मी परत हात लावणार नाही, ते कापड कशाला अडकवून ठेवायचं?’

‘पुण्याला जाऊन यायचंय ना, अप्पा.’

‘अर्धं ठेवता येत नाही, आणि रिकामी मशीन सोडून मी कधी गावाबाहेर गेलो नाही. मग जाऊ कसा, सांग?’ हसले. ‘सरी, बरं तर, राहतो इथंच.’

विठोजीमामांनी पाठ फिरवून इस्त्री तापत लावली. इस्त्रीला एकही कपडा उरला नव्हता.

आम्ही चालत घरी आलो. फार हळू चालतात आता. वाटेत म्हणाले, ‘रूपाला बोलवत बसू नको. चिमीची शाळा असते.’ मग स्वल्प थांबून, ‘चिमीच्या फ्रॉकचं माप माझ्याकडे जुनं झालंय.’

म्हणून हे त्यांच्या नकळत लिहितोय. अप्पांचं तिकीट काढू नको. माझंही नको. पॉइंट तेवढेच लागतील. तीन सीट काढ, तुझी, दाजींची आणि चिमीची. पुणे ते बेंगळूर. परतीचं आत्ता बघू नको. कुठल्याही वेळेला उतरा, मी गाडी घेऊन विमानतळावर उभा असेन. पॉइंटात या आठवड्याची सीट मिळाली नाही, तर दाजींना सांग, रोख भरा, पॉइंट गेले तर जाऊ देत.

मी आयुष्यात कुणाला असं सांगेन असं वाटलं नव्हतं. पण रेल्वेने येऊ नको, अक्का.

तुझा, आता कुठेही न जाणारा,
अभिराज