एकेचाळिसावं नाव

४ मार्च

समितीच्या घडीच्या खुर्चीने माझी नवी पँट खाल्ली. बिजागरीत! डाव्या मांडीवर चांगला लचका. माणूस बसला की मिटायचं नाही, एवढंही खुर्चीला शिकवता येऊ नये — आणि आपण म्हणे प्रगत देश. तक्रार केली तर मेट्रनबाई म्हणाल्या, "कातडी शाबूत आहे ना? मग बसा."

बसलो. या बाईपुढे सगळेच बसतात. सात आठवड्यांपूर्वी वळणावर रेल्वेगाडी उलटली, एकेचाळीस माणसं गेली, अख्खा देश सुन्न झाला — तेव्हा निवृत्त असूनही ही बाई वॉर्डात दोन दिवस उभी होती. आता सर्व धर्मांची मिळून स्मरणसभा भरवतेय. मौलवी, फादर, भन्ते, पुजारी सगळे हजर. पहिला पाऊण तास कुणी किती मिनिटं बोलायचं यावर गेला. मी पेपरातर्फे बसलेला; वाटलं, झाली माझ्या पुढच्या लेखाची सोय!

मग बाईंनी वही मिटली. "कुणीच बोलायचं नाही. फक्त नावं वाचायची. ज्याचं नाव, त्याच्या धर्माबाहेरच्या माणसाने वाचायचं. आणि आधी त्या घरी जाऊन बसायचं, गेलेल्या माणसाबद्दल एक वाक्य घेऊन यायचं. पेपरातलं वाक्य चालणार नाही."

एकेचाळिसावं नाव गाडीच्या चालकाचं. पुजारी म्हणाले, "मारणाऱ्याचं नाव मेलेल्यांत?" मौलवींचा सख्खा पुतण्या त्या गाडीत होता. ते हळूच म्हणाले, "चौकशीचा अहवाल वाचलात का, महाराज? ब्रेक निकामी होते. शेवटपर्यंत हात ब्रेकवरच होता त्याचा." पुजाऱ्यांनी यादीतलं ते नाव एकदा पाहिलं. मग म्हणाले, "नव्हता वाचला. घ्या नाव."

अहवाल आमच्या पेपरात सातव्या पानावर आला होता. माझा लेख पहिल्या पानावर होता — अपघातानंतर तिसऱ्याच दिवशी. "इंजिनात डुलकीसाहेब, डब्यात आपण." खूप गाजला. डुलकीसाहेब हे नाव तर पानटपरीपर्यंत पोचलं.

"हे कोण वाचणार?" बाईंनी विचारलं. सगळ्यांच्या माना माझ्याकडे. माझं कुठल्याच देवाशी बोलणं नाही, म्हणजे मी सगळ्यांनाच परका, कुठेही चालतो. पुढच्या वेळी एखादा धर्म घेऊनच जावं.

५ मार्च

घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, "बरं झालं. जा आता."

८ मार्च

गेलो. रेल्वेच्या वसाहतीत दुसरा मजला. दोन खोल्या, दाराशी पुरुषी बूट, पॉलिश केलेले. चालकाच्या बायकोने दार उघडलं, क्षणभर माझ्याकडे पाहिलं, म्हणाली, "या, बसा." साधारण पस्तिशीची. कपाळाजवळच्या केसांत थोडं पांढरं.

मी वाक्य मागितलं. कसं मागतात वाक्य? उसनी साखर मागावी तसं मागितलं. ती बराच वेळ पदराचं टोक दुमडत बसली.

"घरी आले की अर्धा तास ओरडूनच बोलायचे. इंजिनाचा आवाज कानात असायचा ना. मी म्हणायची, अहो, मी इथेच आहे, पुढच्या स्टेशनावर नाही." हसली. मग म्हणाली, "आता घरात कुणी मोठ्याने बोलतच नाही."

आतल्या खोलीत मुलगी होती, अकरा-बारा वर्षांची. भरदुपारी घरात. मी उगीच विचारलं, "आज शाळा नाही का?"

"तीन आठवडे जात नाही. वर्गात पोरं तिला 'डुलकी' म्हणतात. बाकावर डोकं ठेवून घोरून दाखवतात." आवाज अजिबात चढला नाही. "नाव वाचा, दादा. पण सभेत कुणी हसलं तर पोर कायमची बसेल घरात. तेवढं बघा."

मी म्हटलं, "बघतो." चहा प्यालो. कपाचा तळ दिसेपर्यंत प्यालो. उठलो.

९ मार्च

ही विचारते, "सांगितलंस?"

म्हटलं, चहा फार छान होता.

"तू ना," ही म्हणाली, "लोकांच्या अंगावर शाई उडवायला वाघ, आणि पुसायची वेळ आली की हात दुखतो!"

बायकोच्या वाक्याला टाळ्या पडत नाहीत हे बरंय.

१६ मार्च

स्मरणसभा झाली. सभागृह भरलेलं, लोक पायऱ्यांवरसुद्धा. पुजाऱ्यांनी मशिदीत अजान देणाऱ्या एका मुअज्जिनाचं नाव वाचलं: "यांना पोहता येत नव्हतं, पण रोज तळ्याकाठी बसायचे." मौलवींनी एका शिक्षिकेचं वाचलं. त्यांच्या पुतण्याचं नाव फादरनी वाचलं, तेव्हा मौलवींनी टोपी नीट केली, दोनदा. मी अशा सभांची आयुष्यभर थट्टा केली. आज थट्टेला जागाच सापडली नाही. शोधली होती, हेही लिहून ठेवतो.

शेवटी मी. नाव वाचलं. ओरडून बोलण्याचं वाक्य वाचलं. मागे कुणीतरी खुदकन हसलं — मी कागदावरून मान वर केली! पण ते हसू वेगळं होतं. घरातलं.

तिथेच म्हणायला हवं होतं. ओठांवर होतं. कागद घडी करून खाली आलो.

१७ मार्च

पुन्हा दुसरा मजला. आत न जाता दारातच सांगितलं, नाहीतर परत चहा झाला असता. "ताई, ते नाव मी ठेवलं होतं. डुलकीसाहेब. लेख माझा होता."

ती म्हणाली, "माहितीये."

"कधीपासून?"

"तुम्ही आलात तेव्हाच. लेखावर तुमचा फोटो असतो हो."

तीच पुढे म्हणाली, "चहा प्यालात, वाक्य नेलंत. म्हटलं, आज नाही तर उद्या बोलतील. मला सांगून काय उपयोग पण? मी तर हसले नव्हते. हसले त्यांना सांगा."

१८ मार्च

लेख दिला. पंधरा ओळी. चालक झोपला नव्हता, ब्रेक निकामी होते, ते नाव मी ठेवलं, न वाचता, न विचारता. विनोद एकही नाही. संपादक म्हणाला, "पहिल्या पानावर? असल्या लेखाला फोटो गाळू या, उगाच कशाला तोंड दाखवता?"

म्हटलं, घाल. मोठा घाल.