पुन्हा पहिल्या रांगेत

धाकटे, तुला आणि माझ्या नातीला पोटभर आशीर्वाद.

मी इथे बरी आहे. संघटनेच्या कचेरीत बाकावर झोपते. तुझ्या खाटेसारखं करकरत तरी नाही. समोरच्या दुकानापाशी एक माणूस सकाळपासून उभा आहे. गिऱ्हाईक असेल.

आज आम्ही धुलाई कारखान्यातल्या बाया बसलो आणि वर्षभरात काय साधलं, काय फसलं ते बोललो. पगारी रजा मिळाली, वाफेच्या खोलीला खिडकी मिळाली. फसलं ते एकच. म्हाताऱ्यांवर पोलीस हात टाकत नाहीत म्हणून मोर्चात आम्हाला पुढे ठेवलं होतं. पोलिसांना हे कुणी कळवलंच नव्हतं. इस्त्रीवालीचा हात अजून गळ्यात बांधलेला आहे.

आता मोर्चात धरून नेलेल्या दोघी आधी कोठडीतून सोडवायच्या, बाकी मागण्या नंतर, असं ठरलं. उद्या चौकीवर जायचंय. पुढे कोण, विचारल्यावर तरण्या सगळ्या छताकडे बघायला लागल्या. त्यांच्या कडेवर पोरं, त्यांचं तरी काय चुकलं? "बायांनो, छत काही पडत नाही," म्हटलं आणि हात वर केला.

नातीचा खोकला गेला का? उद्या घरात रेडिओ लावू नकोस.

अक्षर थरथरलंय. आजी शाळेत गेली नाही म्हणून, असं तिला सांग.

तुझी थोरली