शीलाच्या लग्नातला बेस

३ एप्रिल, सकाळ
आजपासून मोखाड्याच्या जीप स्टँडवर माझं राज्य. दोन वूफर, म्हणजे बेसचे मोठे स्पीकर, आणि अॅम्प आला. मागचं एक बाकडं काढून तिथे बॉक्स बसवणार. स्टँडवरच्याच तुळशीदासच्या जीपमध्ये दारातले दोन बारके स्पीकर, खोकला झाल्यासारखे वाजतात. तरी लोक आधी त्याची जीप भरतात. कारण एकच, माझ्याकडे बेस नाही.
ममताला दाखवलं. बायको म्हणून तिने खूश व्हायला हवं होतं. म्हणाली, बाकडं काढलं तर माणसं कुठं बसवणार? या बाईला धंदा कधी कळायचा नाही.
२६ तारखेला माझ्या बहिणीचं, शीलाचं, लग्न. नवरा सूर्यमाळचा. तिथल्या मांडवात माझाच बेस वाजणार. अख्खा डोंगर हलला पाहिजे.

५ एप्रिल
वायरिंग स्वतः करणार. मेकॅनिक लोक ज्ञान लपवतात. व्हिडिओ पाहिला. अर्धाच, पण मुद्दा कळला. वूफर चार ओहमचे. पॅरलल जोडले की ओहम निम्मे होतात. ओहम कमी, ताकद जास्त. मग अॅम्पचे दोन्ही चॅनल ब्रिज करायचे, म्हणजे सगळी ताकद एका जागी. एवढी सोपी गोष्ट.
ममता अॅम्पच्या मागचं स्टिकर वाचत बसली. बी.ए. झाल्यापासून तिला ही खोड आहे. म्हणाली, ब्रिज केलं तर चार ओहमच्या खाली जाऊ नका असं लिहिलंय, तुमचे तर दोनच होतायत. एकेका चॅनलला एकेक वूफर लावा. मी म्हटलं, कंपनी भित्री असते, तू तरी घाबरू नको. ती उठून भाकऱ्या करायला गेली. चर्चेत हरली की ती भाकऱ्याच करते.

६ एप्रिल
चालू केलं. वूफर जोरात हलतायत आणि बेस नाही. माझ्याच दारातल्या जुन्या स्पीकरचा आवाज जास्त. हे घातपाताशिवाय शक्य नाही. काल दुपारी तुळशीदास जीपजवळून गेला होता, "काय नवीन?" म्हणून विचारत होता. एवढ्या प्रेमाने कोण विचारतं? स्टँडवर सगळ्यांसमोर त्याला झापलं. तो हसला. दोषी माणूस असाच हसतो.

८ एप्रिल
कारण सापडलं. लाल वायर संपली म्हणून मी दोन्ही काळ्या वापरल्या होत्या. एका वूफरला प्लस-मायनस उलटं गेलं. एक पडदा बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो, दोघं एकमेकांचा आवाज खातात. चूक वायर विकणाऱ्याची. त्याने लाल जास्त द्यायला हवी होती.
आता दणका बसतोय. दारं थरथरतात. तुळशीदासची माफी मागायचा प्रश्नच नाही. त्याच्या मनात ते असणारच होतं.

१० एप्रिल, बाजाराचा दिवस
गोजाबाई कोंबड्यांची टोपली घेऊन बसली. गेन, म्हणजे अॅम्पचं जोर वाढवायचं बटण, फुल केला. कोंबड्या पिसाळल्या, एक माझ्या खांद्यावर. गोजाबाई म्हणाली, "मंगळ्या, पोटात कालवतंय, उतरव मला." घाटात उतरली. मागून तुळशीदास येतच होता. तिच्याबरोबर बाकीचेही त्याच्या जीपमध्ये गेले. गिधाडासारखा मागे मागे फिरतो.
या लोकांना बेसची सवय लावावी लागेल.

१४ एप्रिल
अॅम्पचा फ्यूज सारखा उडत होता. मोठा टाकला. आता उडत नाही. प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंद होतात. ममता म्हणाली, बॅटरीवर लोड येतोय. मी म्हटलं, दिवे तालात चाललेत.
दुपारी स्टँडवर जीप सुरूच होईना. ढकलायला तुळशीदास आला. मी नको म्हणत होतो. तरी ढकलली. उपकार करून माणसाला कमीपणा आणायची ही जुनी पद्धत आहे.

२० एप्रिल
शीला आली होती. म्हणाली, "दादा, लग्न लागताना बॉक्स नको वाजवू. सुकरीकाकी गाणार हाय." सुकरीकाकी म्हणजे आमच्या पाड्यावर लग्नाची गाणी म्हणणारी म्हातारी. शीलाला लहानपणी तिनेच सांभाळलं. आता आवाज पार बसलाय, दोन ओळींनंतर धाप लागते. मी शीलाला समजावलं, काकी कुठे आणि माझा बेस कुठे. सूर्यमाळवाले हसतील आपल्याला. शीला उठून आत ममताकडे गेली. म्हणजे पटलं.

२६ एप्रिल, संध्याकाळ
लिहायची इच्छा नाही, तरी लिहितो.
जीप मांडवाला टेकवून लावली. सुकरीकाकीने तोंड उघडलं तेव्हाच मी गेन वर नेला. तुळशीदास आमच्या पाड्याचं वऱ्हाड घेऊन आला होता, त्याला नीट ऐकू जावं म्हणून आणखी थोडा. अॅम्पवर हात ठेवला तर तव्यासारखा तापलेला. मग लाल दिवा लागला आणि सगळं बंद. काही केल्या चालू होईना. मी जीपमध्ये वाकून वायरी हलवतोय, आणि बाहेर म्हातारीने संधी साधून गाणं धरलं. आधी एकटी, मग बाकीच्या बायका तिच्यामागून. शीला रडत होती. लग्नात मुली रडतातच.
बाहेर आलोच नाही. बॉक्समागे बसून राहिलो. फक्त ममताने आत डोकावून लाल दिवा पाहिला. जेवलास का, एवढंही कोणी विचारलं नाही.

२८ एप्रिल
अॅम्प जव्हारला दुरुस्तीला टाकला. तिथल्या मेकॅनिकने विचारलं, ब्रिज करून दोन ओहमवर चालवला होता का? मी म्हटलं, गिऱ्हाइकाची चौकशी करू नका.

४ मे
शीला नवऱ्याला आणि सासूला घेऊन माहेरी आली. ओटीवर सगळे बसले होते. ती म्हणाली, "दादा, काकीसाठी तू सोताहून आवाज बंद केलास. मला वाटलं नव्हतं." सासू म्हणाली, असा भाऊ मिळायला नशीब लागतं. शीलाचा नवरा पाया पडला.
शीलाला विचारलं, हे तुला कोणी सांगितलं. म्हणाली, वहिनीने.
ममता दारात उभी होती. माझ्याकडे पाहत होती.
मी म्हटलं, हो. मीच बंद केला.
ते असतानाच जव्हारहून फोन आला. अॅम्प तयार आहे, घेऊन जा. सगळे ऐकत होते. मी म्हटलं, असू दे तिकडेच.